अर्जात आधी वेळ लिहा

"किती वाजता नेलं पोराला?"

"दिवं लागायच्या टायमाला बघा."

"म्हणजे किती वाजता, मावशी?"

"आता घड्याळ कोण बघतंय वो? धार काढली, डेअरीत दूध घालून आले, तर दारात गाडी हुबी."

सांगलीत विजयनगरला, कोर्टाजवळच्या रस्त्यावर माझं टेबल आहे. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि कुरकुरणारा प्रिंटर. वारसाची प्रतिज्ञापत्रं, नावातली दुरुस्ती, सात-बाऱ्याचे अर्ज हे रोजचं काम. महिन्यातून दोन-तीनदा पोलिसांविरुद्धचा अर्जही येतो. मी वकील नाही. पण असे अर्ज टाइप करता करता कुठला पुढे सरकतो आणि कुठला फायलीत झोपतो, हे कळायला लागलंय. म्हणून हे लिहितोय.

तासगावकडच्या त्या मावशींच्या पिशवीत डेअरीची पावती निघाली. लिटर, फॅट, दर आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ: ६.५२. डेअरीपासून घर चालत दहा-बारा मिनिटं. म्हणजे मोटारीच्या केबलचोरीच्या संशयावरून पोराला नेलं ते सातच्या सुमाराला. ठाण्याच्या कागदावर अटक होती दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची. मधले वीस तास तो कुठे होता? त्याचा सगळा अर्ज या एका प्रश्नावर उभा राहिला.

अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. राज्यघटनेच्या २२ व्या कलमात ते आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मग काही ठिकाणी काय करतात, तर अटक उशिरा 'दाखवतात'. तोवर माणूस 'विचारपूस करायला आलाय', 'बसवून ठेवलाय', 'आपणहून आलाय'. कागदावरचं घड्याळ त्यांच्या हातात असतं. आपल्याला दुसरं घड्याळ कागदावर आणायचं आहे.

हे मला सुचलं नव्हतं, एका हवालदाराने शिकवलं. माझ्याकडे पोलीसही येतात टाइप करून घ्यायला: बदलीचे अर्ज, पेन्शनची कटकट, वरून आलेल्या मेमोला खुलासा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका टेम्पोवाल्याची तक्रार लिहिली होती, तीन पानं. नराधम, अमानुष, पाशवी, लोकशाहीला काळिमा, एक शब्द सोडला नव्हता. मला वाटलं, काय अर्ज झालाय! दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.' पुढे तो हवालदार दुसऱ्याच एका तक्रारीला खुलासा टाइप करायला बसला असताना मी सहज विषय काढला. तो हसला. म्हणाला, "विशेषणांनी आम्हाला काही होत नाही हो. टाइम लिहिला की स्टेशन डायरी काढून दाखवावी लागते. तिथं घाम फुटतो." स्टेशन डायरी म्हणजे ठाण्यात काय घडलं त्याची वेळेसकट लिहिलेली रोजची नोंदवही.

त्या दिवसापासून माझ्या अर्जात विशेषण औषधालाही सापडत नाही.

आता क्रमाने सांगतो. घरातल्या माणसाला नेलं की पहिल्या तासात काय करायचं? आधी विचारा: कुठल्या ठाण्यात नेताय, कशासाठी, तुमचं नाव काय. उत्तर मिळो न मिळो, विचारलं ती वेळ लक्षात ठेवा. छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो जागेवर करायला हवा, त्यावर घरच्याची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, कुठे ठेवलंय ते नातेवाइकाला कळवायला हवं. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली हे घालून दिलं आणि पुढे ते कायद्यातच आलं. साक्षीसाठी बोलावणं असेल तर लेखी नोटीस लागते. बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि साठीपुढच्या माणसाला त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं असतं.

पोलीस 'असा कोणी आमच्याकडे नाही' म्हणाले तर भांडत बसू नका. ११२ ला फोन करा. तिथे नोंद होते, आणि ती नोंद त्या ठाण्याच्या हातातली नसते. मग जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या (एसपींच्या) ई-मेलवर चार ओळी: अमुक नाव, अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक ठाण्याच्या पोलिसांनी नेलं, अद्याप अटकेची माहिती दिलेली नाही. बस. पूर्वी जाणते वकील यासाठी रात्रीत तार ठोकायचे, एक एसपींना, एक कोर्टाला. तारेवर पोस्टाचा शिक्का आणि वेळ असायची, उद्या कोणी नाही म्हणू शकत नसे. २०१३ मध्ये तार बंद झाली. ई-मेल तेच काम करतो, पण लोक व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपवर शंभर मेसेज टाकतात आणि एसपींना एक ई-मेल पाठवत नाहीत.

दुसरी जागा कोर्ट. रिमांडला, म्हणजे कोठडीत ठेवायची परवानगी मागायला, उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" दोन सेकंदांचा प्रश्न. शेजारी ज्यांनी आणलं तेच उभे असतात. पोरगं मान खाली घालून "नाही" म्हणतं. पुढे सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीला उत्तर तयार असतं: न्यायालयासमोर तक्रार नव्हती. मावशींचा मुलगाही असंच "नाही" म्हणायला निघाला होता. त्याच्या वकीलबाईंनी आदल्या पाच मिनिटांत कानात एवढंच सांगितलं होतं की, "मारलं असेल तर मारलं म्हण, कुठे ते सांग, घाबरू नको." तो म्हणाला, "तळपायावर मारलंय." मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतलं आणि तपासणीला पाठवलं. त्या एका वाक्याचं वजन माझ्या तीन पानांपेक्षा जास्त.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्याच कोर्टाच्या आवारात आहे. कोठडीतल्या माणसाला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर १५१००.

तिसरी जागा डॉक्टर. इथे लोक हमखास चुकतात. सिव्हिलला गेल्यावर "काय झालं?" असं विचारलं की भीतीने "पडलो" म्हणतात. डॉक्टर जे ऐकतात ते लिहितात. केसपेपरवर 'पडल्याने' असं एकदा आलं की ते पुसायला ब्रह्मदेव आला तरी जमत नाही. काय, कशाने, कधी, कुणी, हे डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा. वळाचा रंग बदलतो. ताजा लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवट-पिवळा. म्हणून फोटो रोज काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवा. सुटून आल्यावर "जरा बरं वाटू दे, मग बघू" असं करू नका. बरं वाटलं की पुरावा गेला.

चौथी गोष्ट कॅमेरा. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले. दारावर, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोलीत, मागच्या बाजूलासुद्धा. चित्रण दीड वर्ष ठेवायचं, ते जमत नसेल तर जितकं जमेल तितकं, पण एक वर्षाच्या खाली नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच एक साधा अर्ज द्या की, अमुक तारखेला अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं, नष्ट होऊ देऊ नये. मग माहिती अधिकारात प्रत मागा. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तर तीस दिवसांत; माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. 'तपासात अडथळा येईल' म्हणून नाकारलं तर वीस रुपयांत पहिलं अपील. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. कॅमेरा बिघडला की ठाणे प्रमुखाने जिल्हा समितीला लगेच कळवायचं असतं. ते पत्र मागा. पत्र नसेल तर तोही एक मुद्दा झाला.

बाहेरची नजर कशाला हवी, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहर ठाण्यातून सांगितलं गेलं की चोरीच्या गुन्ह्यातला आरोपी पळून गेला. मग पुढे आलं की तो कोठडीतच मारहाणीत गेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. तपास सीआयडीकडे गेला, उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. आजही कुणाच्या पोराला 'तो पळून गेलाय' असं सांगितलं की इथल्या आईबापाच्या पोटात गोळा येतो. असले प्रसंग विरळा. रोजचं दुखणं लहान असतं: बसवून ठेवणं, दोन कानफटात, 'मिटवायचं' म्हणून मागितलेले पैसे. पण दोन्हीकडे अडचण एकच, चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी करायची तो एकाच घरातले.

म्हणून प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २००६ साली पोलीस तक्रार प्राधिकरण करायला सांगितलं. हे प्रकाश सिंह कोणी आंदोलक नव्हेत, उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले गृहस्थ. घरचाच माणूस म्हणाला की बाहेरचा माणूस नेमा. कोर्टाने राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक असं सांगितलं होतं. आपल्या सरकारने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली तेव्हा जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. त्यामुळे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पुणे या पाच जिल्ह्यांचं मिळून एक विभागीय प्राधिकरण, पुण्यात. जतच्या माणसाने सुनावणीला पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडला, मजुरी बुडाली. माझ्या मते इथे कायद्याने गरिबाला दूर ठेवलं. असो, आहे ते वापरायला शिका.

कुणाविरुद्ध कुठे? शिपायापासून वरिष्ठ निरीक्षकापर्यंत पुण्याचं विभागीय प्राधिकरण. उपअधीक्षक आणि त्यावरचे अधिकारी असतील तर मुंबईचं राज्य प्राधिकरण. विभागीयच्या प्रमुखपदी निवृत्त जिल्हा न्यायाधीश, राज्याच्या निवृत्त उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. सोबत निवृत्त पोलीस अधिकारीही असतात. यावर लोक नाक मुरडतात. मला ते बरं वाटतं. डायरी मागाहून भरलेली आहे की नाही, हे ज्याने आयुष्यभर डायरी लिहिली त्याला पटकन दिसतं.

तिथे सगळंच चालत नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायद्याची रीत न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि कायद्याचं गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर. 'साहेब उद्धट बोलले' एवढंच असेल तर विश्रामबागला एसपी ऑफिसात अर्ज द्या. म्हणून अर्जाच्या विषयातच सांगा की तुमची तक्रार यांतल्या कशात बसते. मावशींची 'विहित कार्यपद्धती न पाळता स्थानबद्धता' यात बसली. मारहाणीचं खाली लिहिलं, कारण वळ असले तरी हाड मोडलं नव्हतं आणि गंभीर दुखापतीची व्याख्या कायद्यात ठरलेली आहे. पोराचा चुलता चिडला, "मारलंय ते वर घ्या की!" मी म्हटलं, "दादा, जे आपण कागदावर दाखवू शकतो ते वर."

अर्ज असा झाला:

'सायंकाळी ६.५२ वाजता मी डेअरीत दूध घातले (पावती जोडली आहे). सुमारे ७.०५ वाजता घरी आले तेव्हा दारात पोलीस जीप उभी होती. दोघे गणवेशात व एक साध्या कपड्यात होते. गणवेशातील एकाच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. कोठे नेता, असे विचारले असता "साहेबांनी बोलावलंय" एवढेच सांगितले. कागद दिला नाही. रात्री ९.२० वाजता पुतण्याने ठाण्यात फोन केला (कॉलची नोंद जोडली आहे). "असा कोणी इथे नाही" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता अटक दाखविण्यात आली.'

आणि शेवटी मागणी: त्या दोन दिवसांची स्टेशन डायरी, जीपचं लॉगबुक आणि कॅमेऱ्याचं चित्रण मागवावं. प्राधिकरणाला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, समन्स काढता येतं, कागद मागवता येतात. पण काय मागवायचं ते तुम्ही सांगितलं तर बरं. लॉगबुक विसरू नका. डायरीत काहीही भरता येतं. जीप किती किलोमीटर फिरली ते डिझेलशी जुळवावं लागतं.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लावा. 'पाचशेचा स्टॅम्प आणा' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. सरकारी कार्यालयात आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क शासनाने २००४ मध्येच माफ केलंय. (माझ्या शेजारचा स्टॅम्पवाला हे वाचून दोन दिवस बोलणार नाही.) साध्या कागदावर करा, पण खोटं एक अक्षर नको. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि समोरचे लोक गुन्हा नोंदवण्यात पारंगत आहेत. जे दिसलं नाही ते 'मला मुलाने सांगितले' असंच लिहा.

तीन प्रती काढा. एक द्यायची, एकीवर पोच घ्यायची, एक घरात. पोच म्हणजे आवक शिक्का, तारीख आणि सही. 'ठेवून जा, देतो साहेबांना' यावर कधी उठू नका. टेम्पोवाल्याच्या वेळी मी इथेही चुकलो होतो, त्याला पोच घ्यायला सांगितलंच नव्हतं. टपालाने पाठवायचं तर पोचपावतीसह, आणि पोस्टाची पावती स्टेपल करून ठेवा.

बाकीच्या वाटा थोडक्यात. पैसे मागितले असतील तर देण्याआधी १०६४ वर लाचलुचपतला फोन. एकदा दिले की सापळा लावता येत नाही. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. ठाण्यात गुन्हाच नोंदवत नसतील तर आधी एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट. तिथे वकिलाशिवाय जाऊ नका, कारण सरकारी नोकराविरुद्धच्या फिर्यादीत सरकारच्या मंजुरीचे खाचखळगे आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीचं कलम आहे, ते समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढतो. आणि हायकोर्टात रिट करायची वेळ आली तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-सातारा त्यातच येतात.

अर्ज गेल्यावर एक दिवस गोड आवाजात फोन येतो. "या की जरा, जबाब द्यायचाय." जा, पण एकटे जाऊ नका, आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. खालच्या दोन ओळी नीट बघा. पुष्कळदा तिथे 'गैरसमजातून तक्रार दिली होती, आता माझी तक्रार नाही' असं छापील असतं. गावचा पुढारी, सोसायटीचा चेअरमन, कोणीतरी चहा घेऊन मध्ये पडतोच. मिटवायचं की नाही हा तुमच्या घरचा निर्णय, मी कुणाला भरीस घालत नाही. पोरावर केस आहे, त्याच ठाण्याच्या हद्दीत जगायचंय, हे मला कळतं. पण मिटवलंत तर मनाने मिटवा, न वाचता सही करून नको.

आणि प्राधिकरण स्वतः कुणाला निलंबित करत नाही की तुरुंगात टाकत नाही. चौकशी करून सरकारला अहवाल देतं, विभागीय कारवाई करा किंवा गुन्हा नोंदवा म्हणून. पुढचं सरकारकडे. तारखा पडतात. वर्ष जातं. हे आधीच सांगतो, कारण तिसऱ्या तारखेला लोक माझ्यावरच चिडतात.

मावशींना सुनावणीचं पत्र आलं ते द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाल्या, पहाटे पुण्यात. आदल्या दिवशी कागद दाखवायला आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी ती डेअरीची पावती काढली आणि बघतच राहिल्या. पांढरी फटक. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, चुलीजवळच्या फडताळात ठेवला की सहा महिन्यांत अक्षर उडतं.

"आता वो काय?"

मी फाइल उघडून दिली. पहिल्याच दिवशी काढलेली झेरॉक्स, तारीख घालून साक्षांकित केलेली, ६.५२ स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी न घालता पिशवीत ठेवली आणि कोरी पावतीही परत मागून घेतली. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "ती बी न्हेते संगं."